‘तुम्हीच दाखला घेऊन जा’ म्हणाले, तर

माझ्या मुलाच्या पहिल्या शाळेच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात निळ्या शाईने लिहिलंय: पालकांच्या विनंतीवरून. विनंती मी केली होती, हे खरंच आहे. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये, त्यांनी पुढे सरकवलेल्या कोऱ्या कागदावर, त्या सांगत होत्या तो मजकूर उतरवून घेत. मुलगा दुसरीत होता. स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिझम. त्या महिन्यात त्याने एका मुलाला दंडाला चावलं होतं आणि दोनदा वर्गातून पळून पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसला होता. ‘आम्ही त्याला काढत नाही हो ताई, पण त्याच्याच भल्यासाठी…’ असं वाक्य सुरू झालं आणि मी सही करून मोकळी झाले.

त्यानंतर बऱ्याच आईबापांबरोबर पुण्यातल्या शाळांच्या केबिनबाहेरच्या बाकांवर बसले. सगळीकडे हेच. मुलाला काढलं असं शाळा लिहून देत नाही. ती पालकांकडून लिहून घेते. कायद्याने काढता येत नाही, म्हणूनच तर तुमची सही लागते. हे आधी कळलं असतं, तर तो कागद मी तसाच परत सरकवला असता.

कायदा, लागेल तेवढाच

दोन कायदे पुरतात. दोन्ही केंद्राचे आहेत, त्यामुळे ‘आमचा बोर्ड वेगळा आहे’ हे उत्तर चालत नाही.

पहिला शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहे. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ मध्ये या कलमात बदल झाला आणि पाचवी-आठवीत नापास करायची मुभा मिळाली. काही शाळा त्याचा अर्थ ‘आता काढता येतं’ असा सांगतात. तसं नाही, काढण्यावरची बंदी जशीच्या तशी आहे.

दुसरा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ ला अमलात आला. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे: स्वमग्नता, अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकताना येणारी अडचण), बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार, सेरेब्रल पाल्सी वगैरे. याचं कलम १६ पाठ करून ठेवा. सरकारी असो, अनुदानित असो की नुसती मान्यताप्राप्त खासगी, शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, खेळात आणि करमणुकीत बरोबरीने घ्यायचं, त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायची, त्याची प्रगती बघत राहायची. सहलीला ‘याला नका पाठवू’ म्हणणं इथेच अडकतं. आणि वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव, असं व्याख्येतच लिहिलंय.

आरटीई आठवीला संपतो. हा दुसरा कायदा नववी-दहावीतही सोबत असतो. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल, तर कलम ३१ प्रमाणे सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कलम १६ ला मात्र ४० टक्क्यांची अट नाही.

कॅम्पातल्या किंवा इतर कुठल्या अल्पसंख्याक संस्थेच्या शाळेत मूल असेल, तर आरटीईचा आधार घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने तो कायदा अशा शाळांना लागू होत नाही. (त्या निकालाचा फेरविचार व्हावा, असं त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०२५ मध्ये म्हटलंय.) तिथे २०१६ च्या कायद्यावरच बोला.

एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही अशा मुलांची पंचाईत आहे. त्या २१ प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. सोबत अध्ययन अक्षमता वगैरे असेल तर त्या वाटेने जाता येतं. नसेल तर आरटीईच्या कलम १७ ची ढाल आहेच, ती सगळ्याच मुलांसाठी आहे.

आणखी एक. नेटवर वाचून काही पालक शाळेला अमेरिकेचा नियम सांगतात: तिथे दिव्यांग मुलाला सलग दहा दिवसांहून जास्त शाळेबाहेर ठेवायचं, तर ते वागणं त्याच्या दिव्यांगत्वामुळे घडलं का, हे बैठक घेऊन आधी तपासावं लागतं. नियम चांगला आहे, पण आपल्याकडे तो नाही. मुख्याध्यापकांना हे ठाऊक असेल, तर तुमचं बाकीचं खरं बोलणंही त्या हलक्यात घेतात.

प्रमाणपत्र नाही म्हणून थांबू नका

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांसाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि दिलेल्या तारखेला तपासणीला जायचं. ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय, बहुतेक पुणेकर तिथेच जातात. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारणपणे वयाच्या आठ वर्षांनंतरच मिळतं. जाताना शाळेच्या वह्या घेऊन जा, नुसतं प्रगतिपुस्तक पुरत नाही.

पण ‘प्रमाणपत्र आणा, मग बघू’ हे शाळेचं म्हणणं ऐकून घेऊ नका. तोवर डॉक्टरांचा किंवा मानसशास्त्रज्ञांचा लेखी अहवाल जोडून अर्ज द्या. मूल दिव्यांग आहे हे शाळेला कुठल्या तारखेला कळलं, हे पुढे फार कामाला येतं. प्रमाणपत्र हातात आल्यावर यूडायस प्लसमध्ये, म्हणजे शाळा सरकारला भरून देते त्या ऑनलाइन माहितीत, मुलाची दिव्यांग म्हणून नोंद झाली का, तेही विचारा. कित्येकदा झालेली नसते.

फोन येतो तो दिवस

सकाळी पावणेबाराला फोन: ‘आज तो खूपच करतोय, घेऊन जा.’ तुम्ही ऑफिसातून निघता, शिपाई मामा त्याला दप्तरासकट गेटवर आणून सोडतात, तुम्ही गेट पासच्या वहीत सही करता. कारणाच्या रकान्यात आपण काय लिहितो? ‘घरगुती’. मी सात वेळा लिहिलंय.

तिथे खरं लिहा: ‘शाळेने ११.४० ला फोन करून नेण्यास सांगितले.’ पानाचा फोटो काढा. मामा रागावणार नाहीत.

मग हजेरी बघा. सकाळी हजेरी होऊन गेलेली असते, त्यामुळे मूल कागदावर दिवसभर शाळेत हजर असतं. महिन्यातून सहा दिवस त्याला अर्ध्यावर घरी पाठवलं, तरी शाळेच्या दप्तरी त्याचा मागमूस नसतो. तो पुरावा तुम्हालाच उभा करायचाय. त्याच संध्याकाळी वर्गशिक्षिकेला आणि शाळेच्या ई-मेलवर चार ओळी टाका: आज अमुक वाजता न्यायला सांगितलं, अमुक कारण सांगितलं, उद्या तो नेहमीच्या वेळेला येईल. भांडणाचा सूर नको. आणि दुसऱ्या दिवशी त्याला खरंच पाठवा. ‘दोन दिवस घरीच ठेवा’ असं कुणी म्हटलं, तर ‘तसं लेखी द्या, बाई’ एवढंच म्हणायचं. लिहून कुणी देत नाही. मग तो जातो.

तीन रकान्यांची वही

वर्तनतज्ज्ञ तुमच्याकडून हेच करून घेतात आणि त्याचे पैसे घेतात. शंभर पानी वहीत तुम्हीही करू शकता. तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, मग मोठ्यांनी काय केलं. तारीख आणि वेळ. ‘हट्ट केला’, ‘आक्रमक झाला’ असले शब्द नकोत. ‘शेजारच्याची कंपासपेटी फेकली’ असं लिहा. बाईंनाही तेवढंच लिहायला सांगा, डायरीत दोन ओळी.

आमच्या दुसऱ्या शाळेतला ऑगस्ट असाच उलगडला. मुलगा दुपारच्या सत्रात होता. तीन आठवडे रोज शेवटच्या तासाला तो कान दाबून बाकाखाली शिरायचा आणि कुणी ओढलं की मारायचा. बाई म्हणायच्या, घरी जायची घाई. वहीत वेळ बघितली तर नेहमी साडेपाचच्या पुढे, आणि सोमवारी कधीच नाही. शाळेपासून नदीपात्र पाच मिनिटांवर. गणपती महिन्यावर आलेले, ढोल-ताशा पथकांचा सराव साडेपाचला सुरू व्हायचा, आणि त्या पथकाची सोमवारी सुट्टी असायची. वर्गातल्या कुणाला त्या आवाजाचं काही वाटत नव्हतं, मलाही नसतं वाटलं. उपाय काय, तर शेवटचा तास वाचनालयात, कानाला जाड हेडफोन. सप्टेंबरात गणपती गेले आणि तो प्रश्नही गेला.

दर वेळी इतकं सरळ निघत नाही. पण वही नसती तर ‘दुपारी आक्रमक होतो’ एवढाच शेरा त्याच्या फायलीत राहिला असता.

अध्ययन अक्षमतेच्या मुलांचा पहिला रकाना तर बहुतेक वेळा ठरलेला: वही अपुरी. मग शिक्षा काय, तर चुकलेले शब्द पन्नास वेळा लिहा, नाहीतर वर्गाबाहेर उभं राहा. ज्याला लिहायलाच जमत नाही त्याला लिहिण्याचीच शिक्षा. असं मूल चौथी-पाचवीपर्यंत गप्प राहतं आणि सहावीत बाक उलटवतं, मग त्याला उद्धट म्हणतात.

अर्ज

तोंडी बोलणं चहाबरोबर संपतं. अर्ज मराठीत, एका पानात:

‘प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: इयत्ता अमुक, तुकडी अमुक, हजेरी क्रमांक अमुक या विद्यार्थ्यास वाजवी सोयी मिळणेबाबत. महोदय, माझ्या मुलास अमुक दिव्यांगत्व आहे (अहवाल सोबत). दिनांक अमुक, अमुक व अमुक रोजी त्यास शाळा सुटण्यापूर्वी घरी नेण्यास सांगण्यात आले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार त्याला पुढील सोयी मिळाव्यात, ही विनंती. याबाबत वर्गशिक्षक व पालक यांची बैठक पंधरा दिवसांत घ्यावी व तिचे इतिवृत्त मिळावे.’

खाली सोयी लिहा, चार-पाचच, आणि शाळेला उद्यापासून करता येतील अशा. ‘सहकार्य करावे’ ही सोय नव्हे. दारापासून लांबचा आणि फळ्याजवळचा बाक. तास बदलण्याआधी पाच मिनिटं सूचना. एक ‘बाहेर जायचंय’ कार्ड, ते दाखवलं की मावशींबरोबर दहा मिनिटं ठरलेल्या जागी. लेखनाऐवजी तोंडी उत्तर.

अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ‘मॅडम मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा’ म्हणाले तर ठेवून जाऊ नका. क्लार्कने पोच नाकारली तर तिथून निघून पोस्टात जा, स्पीड पोस्ट करा, पावती अर्जाच्या प्रतीला टाचा. मी पाहिलंय, स्पीड पोस्टचं पाकीट पोहोचलं की दुसऱ्याच दिवशी बैठकीचा फोन येतो.

बैठक

एकटे जाऊ नका. मुलाचे थेरपिस्ट आले तर उत्तम, नाहीतर मावशी, काका, कुणीही, जो गप्प बसून लिहून घेईल. शाळेची बाजू नीट ऐका. एका वर्गात पन्नास-साठ मुलं आणि एक शिक्षिका, मदतीला कुणी नाही, ही त्यांची अडचण खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दर दहा आणि वरच्या वर्गांना दर पंधरा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं, पण त्या बाईंच्या वर्गात तो शिक्षक आलेला नाही. तुम्ही बाईंवर तुटून पडलात तर तुमच्या मुलाची त्या इमारतीतली एकुलती एक मित्र गमावता.

‘शॅडो टीचर तुम्ही नेमा, पगार तुम्ही द्या, नाहीतर ठेवता येणार नाही’ हे वाक्य याच बैठकीत येतं. शॅडो टीचर म्हणजे वर्गात एकट्या तुमच्या मुलासोबत बसणारी मदतनीस. ज्यांना परवडतं ते नेमतात, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण शाळेत राहण्याची अट म्हणून ते कबूल करू नका. आधार देण्याची जबाबदारी दिव्यांग कायद्याच्या कलम १६ ने शाळेवर टाकलीय. स्वखुशीने नेमत असाल तर ‘अट म्हणून नव्हे’ हे शब्द ई-मेलमध्ये असू द्या.

बैठकीतून एक पान निघायला हवं: मुलाला काय सहन होत नाही, चिन्हं काय दिसतात, तेव्हा कोण काय करणार, मारामारी झाली तर काय, आणि पुन्हा कधी भेटायचं. मारामारीच्या ओळीवर वेळ घालवा. दिव्यांग आहे म्हणून सगळं माफ, असं मी कधी मागितलं नाही, मागूही नये. त्याने ज्याला मारलं तोही कुणाचा तरी मुलगा आहे. माझ्या मुलाला त्याच दिवशी, त्याला कळेल अशा पद्धतीने, परिणाम भोगावा लागायचा: सांडलेलं उचलायचं, चित्रकार्ड देऊन सॉरी म्हणायचं, आवडीचा गाण्याचा तास अर्धा. आठवडाभर घरी बसवणं ही त्याला शिक्षा वाटतच नव्हती. चावलं की घरी जायला मिळतं, हे तो दोन खेपांत शिकला होता!

शाळा इतिवृत्त देत नसेल, तर रात्री तुम्हीच ‘आज ठरलेले मुद्दे’ म्हणून ई-मेल करा आणि ‘काही राहिलं असल्यास कळवावे’ लिहा. उत्तर नाही आलं तरी तो कागद झाला.

हमीपत्र

‘माझ्या पाल्याने पुन्हा असे वर्तन केल्यास शाळा घेईल तो निर्णय मला मान्य राहील.’ याच्याखाली सही म्हणजे कोरा धनादेश. फाडू नका, आरडाओरडा करू नका, ‘घरी वाचून देते’ म्हणा. समोर बसून दबाव आणलाच तर कागदावर लिहा: ‘वाचले. मान्य नाही. लेखी उत्तर देत आहे.’ खाली सही, तारीख, वेळ, आणि फोटो.

दाखल्याच्या अर्जाबाबतही तेच. कुणी सांगेल तो मजकूर लिहायचा नाही.

कधी इतर पालकांचं सह्यांचं निवेदन समोर ठेवतात. बावीस सह्या बघून पोटात गोळा येतो. पण शाळेवरचं कायद्याचं बंधन सह्यांनी उठत नाही. निवेदनाची प्रत मागून घ्या. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर देऊ नका. ज्या मुलाला लागलंय त्याच्या आईला मात्र स्वतः फोन करा. मी केला होता. ती आधी खूप बोलली, मग तिने विचारलं, ‘त्याला नक्की कशाने त्रास होतो?’ त्या एका सहीने नंतर माघार घेतली.

मारलं असेल तर

वरच्या सगळ्या पायऱ्या विसरा. छडी, चिमटे, बाकाला बांधणं, अंधाऱ्या खोलीत किंवा संडासात कोंडणं: त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणी, वळांचे फोटो, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याच्याशी क्रूरपणे वागणं हा बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. दिव्यांग मुलाचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान करून त्याला हिणवणं यालाही २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ मध्ये सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. मूल बोलत नसेल तर त्याला चित्रं काढायला द्या, पण ‘बाईंनीच मारलं ना?’ असं तोंडात घालू नका.

शाळा ऐकत नसेल तर

आधी संस्थेच्या सचिवांना पत्र, सोबत सगळ्या प्रती. पंधरा दिवस वाट बघा.

मग आरटीईच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार. पुणे महापालिकेच्या हद्दीत पालिकेचा प्राथमिक शिक्षण विभाग, पिंपरी-चिंचवडला तिथली पालिका, बाहेर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. सुनावणी घेऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जातं. नववी-दहावीसाठी जिल्हा परिषदेचे माध्यमिक शिक्षणाधिकारी.

दिव्यांग कायद्याची तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, आणि इथे पुणेकरांचं नशीब आहे: अख्ख्या महाराष्ट्राचं ते कार्यालय आपल्याच गावात आहे, कॅम्पात चर्च रोडवर. गडचिरोलीच्या आईला जे रात्रभराच्या प्रवासाने मिळतं ते आपल्याला पीएमपीच्या तिकिटात. साध्या कागदावर अर्ज चालतो, वकील लावावाच लागतो असं नाही. कुणाला बोलवायला, कागदपत्रं मागवायला आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की तिच्यावर काय केलं, हे संबंधितांनी तीन महिन्यांत कळवायचं असतं. तारखा लांबतात, हे धरून चाला. मूल तोवर त्याच शाळेत जात राहील, हा अंतरिम आदेश पहिल्याच अर्जात मागा.

उच्च न्यायालयापर्यंत जायची वेळ आली तर शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. मुलं, स्त्रिया आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

तरीही शाळा बदलायचीच ठरली तर

बदला. लढण्यासाठी मुलाला रोज त्या गेटवर सोडायचं जिवावर येत असेल, तर शाळा बदलण्यात कमीपणा नाही. फक्त दाखल्याचा अर्ज तुमच्या शब्दांत लिहा: ‘शाळेकडून दिनांक अमुकच्या अर्जातील सोयी न मिळाल्याने’. पोच घ्या. आठवीपर्यंत दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि तो मिळाला नाही म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही.

दाखला हातात आला की खिडकीशीच उभं राहून वाचा. वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण, शेरा, हे तीन रकाने. कारणात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असेल तर तिथल्या तिथे दुरुस्तीचा अर्ज द्या. खिडकी बंद व्हायच्या आत. पेन बरोबर न्या, तिथलं पेन दोऱ्याला बांधलेलं असतं आणि बहुतेक वेळा चालत नाही.